जुनी पिकअप घरी उभी करायची: आधी थांबली पाहिजे, मग धावली पाहिजे, रंग सगळ्यात शेवटी

जुनी गाडी घरच्या घरी दुरुस्त करायची हौस आहे आणि हात पहिल्यांदाच काळे करायचे आहेत, तर पिकअपइतकी सोयीची गाडी दुसरी नाही. आजच्या बहुतेक मोटारींचा सांगाडा आणि बॉडी एकच असते. जुन्या पिकअपला खाली सलग चेसिस असते, तिच्यावर बोल्टांनी बसवलेली केबिन आणि मागे वेगळा हौदा. हौद्याचे बोल्ट आणि मागच्या दिव्यांच्या वायरी सोडवल्या की चार माणसं तो उचलून बाजूला ठेवू शकतात. मग ॲक्सल (दोन चाकांना जोडणारा आस), पाटे (लीफ स्प्रिंगा), ब्रेकच्या नळ्या सगळं उभ्यानं काम करता येईल इतकं मोकळं होतं. फोर्डने १९२५ साली मॉडेल टी कारखान्यातूनच हौद्यासह विकायला काढली, तेव्हापासूनची ही मांडणी आजही ओळखू येते.

तरीही अंगणात अर्धवट सुटलेल्या पिकअप दिसतात, आणि त्यातल्या कित्येकींना नवाकोरा रंग असतो. क्रम चुकला की असं होतं. रंग लगेच डोळ्यांत भरतो, म्हणून हात आधी तिकडे वळतो. पुढे ब्रेकची नळी बदलताना त्याच रंगावर ब्रेक ऑइल सांडतं, वेल्डिंगची ठिणगी उडते, पाना निसटतो. या लेखातला सगळा क्रम एकाच गोष्टीवर बेतलेला आहे: गाडी आधी खात्रीनं थांबली पाहिजे, मग चालली पाहिजे, मग पत्रा सुधारायचा आणि मग ती सजवायची.

आधी कागदावर ठरवा

गाडी कशासाठी हवी आहे? जशी कारखान्यातून निघाली तशी हुबेहूब, रोज वापरता येईल अशी धडधाकट, की मनाजोगती बदललेली? तिन्हींचा खर्च आणि वेळ वेगळा, आणि अर्ध्या वाटेवर मत बदललं तर दोन्हीकडचा पैसा जातो. पहिल्यांदाच करणाऱ्याला माझं सांगणं मधल्या पर्यायाचं आहे. मूळ सुटे भाग शोधण्यात वर्षं जात नाहीत आणि इंजिन बदलण्यासारख्या भानगडीत पडावं लागत नाही.

याच टप्प्यावर कागदपत्रांवरचा चेसिस नंबर आणि चेसिसवर कोरलेला नंबर जुळतो का, ते पाहा. नंबर गंजात हरवला असेल, घासलेला दिसत असेल किंवा आजूबाजूला वेल्डिंगच्या खुणा असतील, तर गाडी कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या. रंग, आसनं, चाकं किंवा इंजिन बदलायचं असेल तर नोंदणीचे तुमच्याकडचे नियमही आत्ताच वाचून ठेवा. काम झाल्यावर वाचले तर ते फार महाग पडतात.

गाडी पाहताना: लोहचुंबक, टोचा आणि टॉर्च

इंजिन बदलता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो, दरवाजे मिळतात. सडलेली चेसिस मात्र बहुतेक घरगुती कामांचा शेवट करते. म्हणून जुने कपडे घालून आधी गाडीखाली शिरा. बॉनेट नंतर उघडलं तरी चालतं.

चेसिसवर हलक्या हातोडीनं ठोकत जा. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं, सडलेलं बद्द. शंका आली तिथे टोचा दाबा. वरचा खवला निघून आत घट्ट धातू लागला तर तो नुसता वरवरचा गंज आहे; टोचा आत गेला तर तो तुकडा कापावाच लागणार. पाट्यांचे हँगर जिथे चेसिसला जोडलेले असतात, केबिन जिथे रबरी ठोकळ्यांवर टेकते, स्टिअरिंग बॉक्स जिथे बसतो, आणि जिथे दोन पत्रे एकावर एक येऊन मध्ये चिखल साचतो, या जागा सोडू नका. चेसिस पेटीसारखी बंद असेल तर ती आतून गंजते. बाहेरून गुळगुळीत दिसली तरी भोकातून टॉर्च मारून आत पाहा.

केबिनमध्ये दरवाज्याखालची पोकळ पट्टी, मागचे खालचे कोपरे, पायाखालचा पत्रा, आणि समोरच्या काचेच्या बुडाशी असलेली हवेची जाळी पाहा. या जाळीखाली पानं आणि माती साचते, तिथला पत्रा सडतो आणि पावसाचं पाणी थेट पायाशी उतरतं. माणसं पायाखालचा पत्रा बदलतात, जाळीखालचं भोक तसंच ठेवतात आणि नवा पत्राही गंजवतात. पातळ कापडात गुंडाळलेला साधा लोहचुंबक बॉडीवरून फिरवा. तो जिथे धरत नाही, तिथे खाली पुट्टीचा थर आहे.

शेवटी दरवाजे उघडझाप करून पाहा. दरवाजा आणि केबिन यांच्यातली फट वर रुंद आणि खाली अरुंद असेल, तर बिजागर झिजले आहेत, केबिनचे रबर बसले आहेत किंवा केबिनच वाकली आहे. पहिली दोन कारणं किरकोळ, तिसरं नाही.

इंजिनची तब्येत, गाडी उभी असतानाच

इंजिन सुरू करणं आणि गाडी चालवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं लवकर करा, कारण बाकीचं नियोजन त्यावर ठरतं. दुसरं ब्रेक होईपर्यंत अजिबात नको.

कित्येक वर्षं उभ्या असलेल्या इंजिनाला बॅटरी जोडून सरळ स्टार्टर मारू नये. आतल्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असू शकतात, आणि स्टार्टरच्या झटक्यानं त्या तुटतात. पेट्रोल इंजिनाचे स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर पातळ ऑइल सोडा आणि एक-दोन दिवस मुरू द्या. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पुढच्या पुलीच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावून हातानं फिरवा. फिरलं तर उत्तम. अडलं तर जोर लावू नका, अजून ऑइल सोडा आणि थांबा.

हातानं मोकळं फिरू लागलं की जुनं ऑइल काढून नवं भरा, फिल्टर बदला, आणि प्लग बाहेरच ठेवून स्टार्टरनं थोडं थोडं फिरवा. ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत किंवा दिवा विझेपर्यंत हे करा. प्लग काढलेले असल्यामुळे बेअरिंगवर भार येत नाही आणि ऑइल वरपर्यंत पोचतं. इग्निशनची वायर मात्र सोडवून ठेवा, कारण त्या भोकांतून पेट्रोलची वाफही बाहेर येते.

आता काँप्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासा. आकडा इंजिनाप्रमाणे बदलतो. जुन्या पेट्रोल इंजिनांत तो साधारण १२० ते १८० पीएसआयच्या (दाबाचं एकक) दरम्यान सापडतो, डिझेलमध्ये ३०० च्या वर. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. सगळ्यात कमी सिलिंडर सगळ्यात जास्तीच्या ७५ टक्क्यांच्या खाली नसावा. एखादा कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. शेजारशेजारचे दोन सिलिंडर पडलेले असतील तर हेडच्या पॅकिंगवर संशय घ्या.

पहिल्यांदा सुरू करताना गाडीची जुनी टाकी वापरू नका. जुन्या पेट्रोलचा चिकट राळेसारखा थर होतो आणि तो कार्बुरेटरच्या बारीक छिद्रांत जाऊन बसतो. छोट्या बंद डब्यातून, गरम भागांपासून दूर राहील अशा नळीनं ताजं पेट्रोल द्या, आणि अग्निशामक हाताशी असू द्या. इंजिन धरलं की आवाज ऐका, ऑइलचा दाब पाहा, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात का पाहा. दहा मिनिटांत त्याच्याबद्दल बरंच काही कळतं.

दोन जुन्या खोडी लक्षात असू द्या. पेट्रोलमध्ये शिसं मिसळत असत त्या काळातल्या अनेक इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडा) मऊ लोखंडाच्या आहेत. आजच्या पेट्रोलवर जास्त भार घेऊन पळवल्या तर त्या हळूहळू खचतात. हेड उघडण्याची वेळ आलीच तर कठीण सीट बसवून घ्या. दुसरं, सपाट टॅपेटच्या कॅमशाफ्टला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला) जस्ताची संयुगं असलेलं ऑइल लागतं. आधुनिक मोटारींच्या ऑइलमध्ये ती कमी असतात, म्हणून जुन्या इंजिनांसाठी म्हणून विकलं जाणारं ऑइल घ्या.

उकलणं

हे काम सोपं वाटतं, आणि कामाचा सत्यानाश बहुतेक इथेच होतो. प्रत्येक जोड सोडवण्याआधी तीन फोटो काढा: लांबून, जवळून, आणि नळ्या-वायरी कुठून जातात ते दाखवणारा. बोल्ट एका मोठ्या डब्यात ओतू नका. प्रत्येक भागाची वेगळी पिशवी, आत कागदाची चिठ्ठी. ‘डावा दरवाजा, वरचा बिजागर’ असं पूर्ण लिहा. ‘बिजागर’ एवढंच लिहिलं तर सहा महिन्यांनी त्याचा काही उपयोग होत नाही. मोडका भाग नवा हातात येईपर्यंत टाकू नका, नमुना म्हणून तोच लागतो.

अडकलेल्या बोल्टावर भेदक ऑइल मारून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा मारा. सहा कोनांची गोटी (सॉकेट) वापरा. बारा कोनांची डोकं गोल करते. सोडवण्याआधी किंचित घट्ट करून पाहा, गंजाची पकड अनेकदा तिथेच मोडते. तरीही हलत नसेल तर नट तापवा. पेट्रोलची नळी, ब्रेकची नळी आणि रबर जवळ असेल तर आग नको, नट कापून काढा. आणखी एक धोका अनेकांना ठाऊक नसतो: क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मारलेल्या भागावर वेल्डिंग केलं किंवा तो तापवला की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. तापवायचा किंवा वेल्ड करायचा भाग साबणाच्या पाण्यानं धुऊन पूर्ण कोरडा करा.

गाडीखाली शिरायचं असेल तर जॅकवर विसंबू नका. सपाट, टणक जमीन, चेसिसखाली जॅक स्टँड आणि जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे. विटा आणि सिमेंटचे पोकळ ठोकळे भार आला की अचानक फुटतात, ते वापरूच नका. स्टँडवर ठेवलेली गाडी आत शिरण्याआधी बाजूनं जोरात हलवून पाहा. पडायचीच असेल तर तेव्हा पडू दे.

ब्रेक

इथे काटकसर नाही. जुन्या गाडीचे ब्रेक ‘लागतायत’ याचा अर्थ ते आज लागतायत एवढाच.

१९६० च्या दशकाआधीच्या बहुतेक पिकअपमध्ये मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) एकाच सर्किटचा असतो. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. गाडी संग्रहात ठेवायची नसेल, रस्त्यावर चालवायची असेल, तर दोन सर्किटांचा मास्टर सिलिंडर हा मी करायला सांगेन असा पहिला बदल. हुबेहूब मूळ गाडीचा आग्रह असणारे नाक मुरडतील, मुरडू देत.

ड्रम उघडताना आतली धूळ फुंकू नका, हवेचा झोतही मारू नका. जुन्या लायनरमध्ये (ड्रमला आतून घासणाऱ्या थरात) ॲस्बेस्टॉस असू शकतं. मास्क घालून पाणी फवारा, ओल्या कापडानं पुसा आणि ते कापड पिशवीत बांधून टाका. एका वेळी एकाच बाजूचं चाक उघडा, म्हणजे स्प्रिंगा कशा लावायच्या हे दुसऱ्या बाजूला पाहता येतं. अनेक ड्रम ब्रेकमध्ये पुढच्या आणि मागच्या शूचं लायनर वेगळ्या लांबीचं असतं. उलट बसवले तर ब्रेक कमी लागतात आणि वेडेवाकडे झिजतात. व्हील सिलिंडर, रबरी होज आणि सगळ्या लोखंडी नळ्या एकदम बदला. रबरी होज बाहेरून चांगला दिसतो आणि आतून फुगून बंद होतो. मग ब्रेक लागतो, पण सुटत नाही.

नळ्यांसाठी तांबे-निकेल मिश्रधातूची ब्रेक पाइप घ्या. ती हातानं वळते आणि गंजत नाही. साधी तांब्याची नळी किंवा पाण्याच्या नळाचे जोड ब्रेकला चालत नाहीत. टोकांना दुहेरी फ्लेअर (दोनदा दुमडलेली पसरट कड) लागतो. टाकाऊ तुकड्यांवर हात बसेपर्यंत सराव करा.

ब्रेक ऑइलच्या डब्यावरचे आकडे समजून घ्या. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ग्लायकॉलवर आधारित आहेत आणि हवेतली वाफ शोषतात. ताजं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सियसला उकळतं, पाणी शोषल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत खाली येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. उतारावर तापलेल्या ब्रेकमध्ये ऑइल उकळलं की पेडल थेट तळाला जातं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं. नाव सारखं वाटलं तरी ते बाकीच्यांत मिसळायचं नसतं. ग्लायकॉलचं ऑइल रंग खातं, सांडलं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा.

नळ्यांत अडकलेली हवा काढताना साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. पेडल घट्ट झालं की ते दोन मिनिटं जोरात दाबून धरा आणि दुसऱ्या कुणाला प्रत्येक जोड पाहायला लावा. पेडल हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठेच थेंब नसेल, तर मास्टर सिलिंडर आतून गळतोय.

पाटे, स्टिअरिंग, ॲक्सल

पाट्यांचे बुश (टोकांच्या सांध्यातलं अस्तर) आणि शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारे दुवे) बदलले की निम्मा खडखडाट जातो. पाट्याचं एखादं पान तडकलं आहे का, दोन्ही बाजूंची उंची सारखी आहे का, ते पाहा. ॲक्सल धरून ठेवणारे यू-बोल्ट एकदा सोडवले की नवेच घाला, घट्ट करताना ताणलेले बोल्ट दुसऱ्यांदा तशी पकड देत नाहीत. बुशच्या बोल्टांची शेवटची पकड गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच द्या. लटकत्या पाट्यावर घट्ट केलेले रबरी बुश कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात.

पुढचं चाक उचलून वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवा. वर-खालची ढिलाई बेअरिंग किंवा किंगपिनची (चाक ज्याभोवती वळतं ती खीळ), बाजूची टाय रॉडच्या (स्टिअरिंगची हालचाल चाकांकडे नेणारा दांडा) टोकांची. स्टिअरिंग बॉक्सला समायोजनाचा स्क्रू असतो म्हणून लगेच तो आवळू नका. ढिलाई बहुतेक वेळा बाहेरच्या सांध्यांत असते, आणि जास्त आवळलेला बॉक्स आतून झिजतो.

गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑइल बदलताना भरायचं बूच आधी उघडा, मगच खालचं. सगळं ऑइल काढून टाकल्यावर वरचं बूच गंजून अडकलेलं निघालं, तर गाडी जागची हलत नाही. डिफरन्शियलला लागणारं जीएल-५ प्रतीचं ऑइल जुन्या गिअरबॉक्समध्ये विचार न करता ओतू नका. त्यातले काही घटक गिअर अलगद पडू देणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांना अपाय करू शकतात. तिथे बहुधा जीएल-४ लागतं, पुस्तिकेत पाहून ठरवा.

टायरवर नक्षी शिल्लक आहे म्हणून फसू नका. बाजूवरच्या शिक्क्याचे शेवटचे चार आकडे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. ३२१८ म्हणजे २०१८ चा ३२ वा आठवडा. तीनच आकडे दिसले तर तो टायर २००० च्या आधीचा आहे, त्यावर गाडी फक्त ढकलायची.

टाकी आणि वायरिंग

पेट्रोलची रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण आत हवा आणि वाफ यांचं स्फोटक मिश्रण असतं. तिला घरी वेल्डिंग करू नका, ग्राइंडरही लावू नका. आत गंज कमी असेल तर धुऊन चालवता येते, भोकं पडली असतील तर नवी घ्या. रबरी नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या घ्या. जुन्या रबराचे कण सुटतात आणि फिल्टर पुन्हा पुन्हा तुंबतो.

वायरिंगच्या कामाआधी बॅटरीची अर्थची तार सोडा. अर्थ बहुतेक गाड्यांत ऋण टोकाला असतो; काही जुन्या, विशेषतः ब्रिटिश, गाड्यांत तो धन टोकाला सापडतो, आणि १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अनेक अमेरिकन गाड्या ६ व्होल्टवर चालत. नवा भाग जोडण्याआधी या दोन्ही गोष्टी तपासा.

जुन्या गाडीतले विजेचे निम्मे आजार अर्थचे असतात. दिवे मंद, काटे नाचतात, स्टार्टर दमतो. अर्थच्या प्रत्येक जागेवरचा रंग आणि गंज घासून चकचकीत धातू काढा आणि इंजिन ते चेसिस, चेसिस ते केबिन अशा नव्या जाड पट्ट्या जोडा. स्टार्टर फिरत असताना मल्टिमीटरनं इंजिन ब्लॉक आणि बॅटरीचं अर्थ टोक यांच्यातला व्होल्टेज मोजा. तो ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा कमी असावा. तारांचं आवरण बोटानं वाकवल्यावर तडकत असेल तर तुकडे जोडत बसू नका, पूर्ण हार्नेस (तारांचा जुडगा) बदला. हेडलाइटला रिले (थोड्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावा. जुन्या गाड्यांत दिव्यांचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या बटणातून जातो. रिले लावली की बटण तापत नाही आणि त्याच बल्बचा उजेड वाढतो.

पत्रा

केबिनच्या खालच्या पट्ट्या आणि पायाखालचा पत्रा हे केबिन ताठ ठेवणारे भाग आहेत. दोन्ही एकदम कापले तर केबिन वाकते आणि नंतर दरवाजा बसत नाही. कापण्याआधी दरवाज्याच्या चौकटीत आडवा आणि तिरपा पाइप वेल्ड करून घ्या, एका वेळी एकच बाजू कापा, आणि प्रत्येक टप्प्यावर दरवाजा लावून फट पाहा.

गंजलेला भाग चांगला धातू लागेपर्यंत कापायचा. गंजावर नवा पत्रा डकवला तर मध्ये ओल धरते आणि काही वर्षांत दोन्ही जातात. साधारण १ मिमी पत्र्याला ०.६ मिमी तारेचं मिग वेल्डर सोयीचं. सलग शिवण मारली तर उष्णतेनं पत्र्याला लाटा येतात. म्हणून एक ठिपका इथे, पुढचा वीतभर अंतरावर, तिसरा पलीकडच्या टोकाला, आणि दोन ठिपक्यांमधला भाग हाताला सोसेल इतका थंड झाल्यावरच मधली जागा भरायची. हे कंटाळवाणं आहे, पण नंतरचं पुट्टीचं काम इथेच वाचतं. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वेल्ड करताना धूर अंगात जाऊ देऊ नका. कडेचा मुलामा आधी घासून काढा आणि जागा हवेशीर ठेवा.

सँडब्लास्टिंग चेसिस आणि ॲक्सलसाठी उत्तम. छप्पर, बॉनेट, दरवाजे अशा मोठ्या सपाट पत्र्यांवर जोरात मारलं तर ते कायमचे फुगतात. तिथे रंग काढणारं रसायन किंवा घासण्याची चकती बरी. उघडा केलेला धातू त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरखाली गेला पाहिजे. गंज बदलणारं आम्लयुक्त रसायन वापरलं असेल तर इपॉक्सीआधी ते पूर्ण काढा, नाहीतर थर सुटतो. जोडांवर सीम सीलर (फटी बुजवणारा लेप), पोकळ भागांत आतून मेण, आणि पाणी निघायची मूळ भोकं उघडी. ती बुजवलीत तर केलेलं सगळं पाण्यात.

रंग

पुट्टी ३ मिमीपेक्षा जाड नको. जाड लागतेय याचा अर्थ ठोकाठोकी अजून बाकी आहे. लांब सपाट ठोकळ्याला ८० नंबरचा कागद लावून घासा, मग १८०, मग ३२०. बोटांनी घासलं तर खाचा पडतात, त्या प्रायमरमध्ये दिसत नाहीत आणि चमकत्या रंगात उठून दिसतात. प्रायमरवर काळ्या रंगाचा हलका फवारा मारून घासा. काळं जिथे शिल्लक राहील तिथे खळगा, जिथे आधी निघून जाईल तिथे उंचवटा. साधा प्रायमर ओल शोषतो, त्यामुळे प्रायमरवर गाडी पावसात फिरवू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो कोरडा घासून घरभर धूळ करू नका.

दोन घटक मिसळून मारायच्या बहुतेक रंगांत आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. त्यांच्यामुळे कायमचा दमा जडू शकतो, आणि साधा कोळशाचा मास्क त्यासाठी पुरेसा मानत नाहीत. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो. तो नसेल तर शेवटचा रंग पेंट बूथ असलेल्या कारागिराकडून मारून घ्या. तयारी तुमची, शेवटचा हात त्याचा, ही वाटणी मला तरी सगळ्यात शहाणपणाची वाटते. बिलं बहुतेक तयारीच्या मजुरीनंच फुगतात.

हौदा आणि केबिनचा आतला भाग

लाकडी तळाचा हौदा असेल तर फळ्यांना खालून, वरून आणि कापलेल्या टोकांनाही बसवण्याआधीच ऑइल किंवा वॉर्निश द्या, आणि फळ्यांत फुगायला थोडी फट ठेवा. लोखंडी हौद्यात सामान टाकणार असाल तर फवारून मारायचा जाड लायनर कामाचा, पण खाली गंज ठेवून मारलात तर तो गंज झाकून वाढवतो.

केबिनमध्ये पायाखाली अंथरलेली जुनी तागाची गादी स्पंजसारखं पाणी धरते, ती परत घालू नका. आवाज कमी करायला ब्यूटिलचे (चिकट रबराचे) पट्टे पत्र्याच्या मधल्या भागावर लावा. पत्र्याचा पाव भाग झाकला तरी थरथर बरीच कमी होते. समोरची काच बसवताना रबराच्या खाचेत दोरी घालून टोकं आत घ्या, साबणाचं पाणी लावा, बाहेरून एकानं तळव्यानं दाबत राहायचं आणि आतून दुसऱ्यानं दोरी ओढायची. रबराची कड आपोआप चौकटीवर चढते. सीट बेल्ट नसतील तर बसवा. बोल्ट नुसत्या पत्र्यात घेऊ नका, खालून जाड पोलादी पट्टी द्या.

मनाजोगते फेरफार

माझी एकच अट: शक्य तिथे बदल परत काढता येईल असा करा आणि मूळ भाग डब्यात जपून ठेवा. चेसिसला भोक पाडणं किंवा कापणं हा शेवटचा पर्याय.

पुढे डिस्क ब्रेक हा सगळ्यात उपयोगी बदल. पण ड्रमचा मास्टर सिलिंडर तसाच ठेवून डिस्क लावली तर त्यातला उरलेला दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह पॅड डिस्कला घासत ठेवतो. डिस्कला जुळणारा मास्टर सिलिंडर आणि मागचा दाब कमी करणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह दोन्ही लागतात, नाहीतर जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी जाम होतात. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग मुळात हलका असतो.

गाडी खाली बसवायची किंवा उंच करायची असेल तर मागच्या ॲक्सलजवळ एक बारीक दांडा आणि व्हॉल्व्ह आहे का पाहा. अनेक पिकअपमध्ये तो भाराप्रमाणे मागच्या ब्रेकचा दाब ठरवतो. चेसिस आणि ॲक्सलमधलं अंतर बदललं की त्याला वाटतं हौदा रिकामा किंवा भरलेला आहे, आणि ब्रेक चुकीचा लागतो. दांड्याची जोडणी नव्या उंचीला जुळवून घ्यावी लागते. उंची बदलताना गिअरबॉक्सपासून ॲक्सलपर्यंतच्या शाफ्टच्या सांध्यांचा कोन, ब्रेक होजची लांबी आणि बंप स्टॉपमधलं (ॲक्सल आदळू नये म्हणून लावलेला रबरी ठोकळा) अंतरही मोजा. पुढच्या, वळणाऱ्या ॲक्सलवर पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये ठोकळे घालून उंची वाढवणं टाळा.

मोठी चाकं फक्त दिसायला बदलत नाहीत. टायरचा व्यास १० टक्क्यांनी वाढला तर मीटर ९१ दाखवतो तेव्हा गाडी १०० च्या वेगानं धावत असते, गिअर जड होतात आणि ब्रेकवर ताण येतो. बाहेर आलेली चाकं स्टिअरिंग ओढतात आणि बेअरिंगवर जास्त भार टाकतात.

इंजिन बदल पहिल्या गाडीत करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. नवं इंजिन बसवणं त्यातलं सोपं काम. माउंट (इंजिन टेकवायचे आधार), ऑइल चेंबर आणि पुढचा ॲक्सल यांची टक्कर, गिअरबॉक्सची जोडणी, शाफ्टची लांबी, रेडिएटर, सायलेन्सर, वायरिंग आणि नोंदणी अशी रांग मागे लागते. पाच गिअरचा जुळणारा गिअरबॉक्स हा त्याहून कमी त्रासाचा आणि रोज जाणवणारा बदल आहे.

रस्त्यावरचे पहिले काही शे किलोमीटर

पहिली फेरी मोकळ्या जागेत, कमी वेगात आणि फक्त ब्रेकसाठी. गाडी एका बाजूला ओढते का, पेडल किती खाली जातं, हँडब्रेक उतारावर धरतो का. परत आल्यावर चारही ड्रम किंवा डिस्कजवळ हात न लावता नुसता तळवा नेऊन पाहा. एकच चाक जास्त तापलेलं असेल तर तिथला ब्रेक सुटत नाही किंवा बेअरिंग जास्त आवळलं आहे.

५० ते १०० किलोमीटरनंतर चाकांचे नट आणि यू-बोल्ट टॉर्क पान्यानं (ठरलेल्या जोरानं आवळणारा पाना) पुन्हा तपासा. थंड इंजिनात कूलंटची पातळी पाहा, आत अडकलेली हवा निघाल्यावर ती उतरते. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी डाग कुठे आहे त्यावरून गळती कळते, रंगावरून कसली ते: पिवळसर-तपकिरी आणि उग्र वासाचं गिअर ऑइल, काळं इंजिन ऑइल, हिरवं किंवा लालसर पाणचट कूलंट, आणि चाकाच्या आतल्या बाजूला जवळजवळ रंगहीन ब्रेक ऑइल. शेवटचं दिसलं तर दुरुस्त होईपर्यंत गाडी हलवायची नाही. नवा रंग मारला असेल तर त्यावर मेण लावायची घाई करू नका. कंपनीच्या पत्रकात सुकण्याचा जितका काळ दिला आहे तितका तो उघडाच राहू द्या.